एक ओळ मका

८ मार्च, सकाळ
किसुमू शहरातलं शिबिर काल संपलं. विषय : रोज एक छोटं पाऊल. सर म्हणाले, माणूस कामाला घाबरत नाही, कामाच्या आकाराला घाबरतो. मी पहिल्या रांगेत होतो. बहुतेक माझ्याकडे बघूनच म्हणाले. आजपासून एलिशा ओगोला हा नवा माणूस. यंदा पेरणी वेळेवर. खरं तर वेळेच्या आधी.
आजचं पाऊल : रोजनिशी सुरू केली. जरा पडतो.

११ मार्च
पाऊस चांगला झाला. आईने तिच्या तुकड्यात मका टाकला. आता माझी पाळी. बाबा गेल्यापासून आमच्याकडे आधी आई, मग थोरला, मग धाकटा. थोरल्याच्या आधी धाकट्याने दाणा टाकला तर घरात मरण येतं म्हणतात. म्हणजे मी पेरेपर्यंत ओदेरोने, माझ्या भावाने, हात बांधून बसायचं. केवढी जबाबदारी माझ्यावर! म्हणूनच घाई नको.
आजचं पाऊल : कुदळ कुठे ठेवली ते आठवलं.

१५ मार्च
ओदेरो उजाडताच हजर. दादा, जमीन मऊ आहे, आज टाकतोस का, म्हणाला. त्याला छोट्या पावलांचं तत्त्व नीट समजावून सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. शेवटी म्हणाला, सगळं पटलं दादा, पण त्यातलं एखादं पाऊल शेताकडे पडेल का? धाकट्यांना चेष्टा सुचते.

२३ मार्च
कुदळीचा दांडा सैल निघाला. वेळीच लक्षात आलं म्हणून बरं. नवीन दांड्याला चांगलं लाकूड हवं, ते वाळायला हवं. दुपारी ओदेरोने स्वतःची कुदळ आणून माझ्या दाराला टेकवून ठेवली. उसन्या कुदळीने वर्षाची सुरुवात करणं मनाला पटेना.

२९ मार्च
आई चिडली. म्हणाली, अरे, सगळं शेत कोण मागतंय तुझ्याकडे? मूठभर दाणे घे, एक ओळ टाक. त्याची वाट मोकळी होऊ दे, मग लोळ हवा तेवढा.
आईला पद्धतशीर काम कळत नाही. एक ओळ म्हणे! पण कुठून? आंब्याकडून की बांधाकडून? हे आधी ठरायला नको?

५ एप्रिल
ठरलं. आंब्याकडून. उद्याच. फक्त आदल्या रात्री बायको आपल्या घरात झोपायला हवी, हा नियम. रिस्पाला तसं सांगितलं. ती म्हणाली, अहो, हे तुम्ही रोजच सांगता. आणि चटई उचलून आईच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरात झोपायला गेली. आता नियम मोडून कसं पेरणार? माझा नाइलाज आहे.

१४ एप्रिल
शेजाऱ्यांचा मका घोट्याच्या वर आला. घाईघाईत पेरलेला दिसतोय.
ओदेरो पाद्रीबाबांकडे जाऊन आला. ते म्हणाले, हे सगळं थोतांड आहे, बिनधास्त पेर. ओदेरो माझ्या दाराची त्याची कुदळ उचलून निघालाही. पण अकुमू, त्याची बायको, बियाण्याच्या टोपलीवरच बसली. पहिलं बाळ गेल्यापासून तिला कशाचाच धीर होत नाही. म्हणाली, ह्या पोरीला काही झालं तर मका घालू का तिच्या जागी? खूप रडली. ओदेरोने कुदळ परत माझ्या दाराला टेकवली.
मला फार वाईट वाटलं. इतकं, की दिवसभर काही सुचलंच नाही.

२६ एप्रिल
शेताचा नकाशा पूर्ण! तीन रंगांत. असा नकाशा पंचक्रोशीत कोणाकडे नसेल. ओदेरोच्या तुकड्यालाही न मागता हिरवा रंग दिला. त्याला बोलावून दाखवला. तो त्या हिरव्याकडे बराच वेळ बघत राहिला. आवडला असावा.

७ मे, पहाट
पाऊस विरळ झाला. रिस्पा केव्हाच घरात झोपायला लागली, तीही सबब उरली नाही. आज दाणे मुठीत घेतले आणि दारापर्यंत गेलो. दारातून शेत दिसलं. केवढं ते! परत आत आलो. दाणे घामाने ओले.
हे कोणाला सांगू? उशीर झाला म्हणून लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून आणखी उशीर होतो.
हे पान फाडायचं. उद्या फाडेन.

१९ मे
पाऊस थांबला. रिस्पा सांगत होती, ओदेरोकडे हल्ली एकदाच चूल पेटते, आणि काल त्यांनी बियाण्याचा मका दळून त्याच्या पिठाची उगाली शिजवून खाल्ली. हे मात्र चुकलं त्यांचं. बी राखून ठेवायला हवं होतं. या घरात धीर म्हणून आहे तो फक्त मला.
रिस्पाने आमच्यातली वाळकी मासळी त्यांच्याकडे पोचवली. मला विचारलं नाही.

३ जून, सकाळ
ओदेरो दारात आला होता. अंगात चर्चचा कोट, हातात मोठी पिशवी. मागे अकुमू, पाठीला पोर. दादा, एक सांगायचंय, म्हणाला. मी नेमका उद्याचा संकल्प लिहीत होतो, वाक्य अर्ध्यावर. म्हटलं, उद्या निवांत बोलू. तो बरं म्हणाला. तरी थोडा वेळ तसाच उभा होता. बाजाराला निघाले असतील.

४ जून
पेरलं! पेरलं! आंब्यापासून बांधापर्यंत एक अख्खी ओळ!
रिस्पाने चहा ओतून ठेवला होता. परत आलो तेव्हा तो अजून गरम होता. एवढंच होतं काम. एवढंच होतं.
माती कोरडी ठाक. मागून कोंबड्या दाणे टिपत होत्या. टिपू देत म्हटलं, नियमाला पेरणं महत्त्वाचं. तसाच ओरडत ओदेरोच्या घराकडे पळालो, ऊठ रे, तुझी वाट मोकळी झाली!
दाराला कुलूप.
आई तिच्या तुकड्यात मक्यातलं गवत काढत होती. मान वर न करता म्हणाली, मोंबासाला गेले ते. बंदरावर हमालीचं काम मिळालंय त्याला. आता इकडे येत नाही म्हणाला. मी म्हटलं, आणि मला सांगितलंही नाही? आई म्हणाली, सांगायलाच आला होता तुझ्या दारात.
ओदेरोची कुदळ अजून माझ्या दाराशीच आहे. न्यायची राहिली बिचाऱ्याची.
फोन करायला हवा. वाट मोकळी झाली हे निदान कळवायला हवं. पण आजच पोचले असतील, दमले असतील.
उद्या करतो.