बाहीच्या आतलं कापड

४ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

दर भेटीत डोकं खायचास ना, डॉक्टरीणबाईंशी मनातलं बोल म्हणून? बोलले एकदाची. सुधारगृहात दर मंगळवारी त्या जिन्याखालच्या खोलीत बसतात. खुर्च्या दोनच, त्यातली एक डुगडुगते. ती त्या स्वतः घेतात. मी सांगितलं, की बाजारातल्या त्या किराणा दुकानाला मी आग लावल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही आणि कधीकधी वाटतं, सकाळच होऊ नये. त्या दचकल्या नाहीत. गोळ्या दिल्या, आणि मला घरी ठेवून उपचार करावेत असं बाल न्यायमंडळाला लिहिणार आहेत.

आईनं मला दार लावून घेतलंय, म्हणजे माझं घर आता तुझंच. मामीला सांग, मी कामाला वाघ आहे आणि जेवायला चिमणी.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

निकाल ऐकला. आणखी एक वर्ष सुधारगृहात! तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तुझं बोलणं जसंच्या तसं वर कळवलं असणार, दुसरं काय. केसानं गळा कापणारी माणसं ही. यापुढे त्यांच्यासमोर तोंड उघडू नकोस.

घरी येताना घालायला म्हणून निळा कुडता निकालाआधीच शिवून ठेवला होता, तो पाठवतोय. गळ्याची पट्टी मामीनं लावलीय म्हणून वाकडी आहे, माझ्या नावावर खपवू नकोस. नीट जेवत जा.

मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

२ जून

ती. स्व. मामास,
नमस्कार.

तुझं ऐकलं. मंगळवारी खोलीत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. गोळ्याही थुंकून टाकल्या. सकाळ नको वाटणं पुन्हा सुरू झालं आणि आता ते सांगायला कोणीच नव्हतं. डॉक्टरीणबाई मात्र त्याच डुगडुगत्या खुर्चीत येऊन बसत राहिल्या.

परवा कुडत्याची बाही उसवली. शिवणवर्गात दुरुस्त करायला घेतली, तर आत चार बोटं कापड दुमडलेलं. घेरालाही तसंच. मामा, मी तुझ्या शिंपीकामाच्या दुकानात बटणं लावत वाढले. लगेच घालायच्या कपड्यात तू बोटभरच कापड ठेवतोस. चार बोटं ठेवतोस ती वाढत्या पोरीला वर्ष-दीड वर्ष पुरावं म्हणून. मग निकाल तुला आधीच कसा ठाऊक होता?

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, की हिला घर हवं आणि औषध हवं. निकालाआधी मंडळानं तुला बोलावून विचारलं, पोरीला नेता का? तू म्हणालास, "आमच्याही घरात लेकरं आहेत, साहेब. जमायचं नाही."

तुला माझी भीती वाटली असेल. मलाही वाटते कधीकधी. त्याचा राग उद्या-परवा जाईलही. पण स्वतःचं झाकायला तू त्या बाईवर आळ घेतलास आणि माझं बोलायचं एकच दार बंद केलंस, तेही माझ्याच हातानं. आईनं निदान तोंडावर दार लावलं.

गोळ्या पुन्हा घेतेय. मंगळवारी बोलतेही. कुडता परत पाठवत नाही, पण आतलं दुमडलेलं कापड उसवून सोडणार नाही; बाही आखूड झाली तरी तशीच घालीन. पुढचा कपडा अंदाजानं शिवू नकोस. इथे ये आणि माझ्याकडे बघून माप घे.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.
तुझी भाची