नाथकाकांची बंदूक कोणाची

॥ श्री ॥
पिस्कॅटवे, १२ जून २००४

चि. ऋषीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनऐवजी पत्र पाहून नवल वाटेल. नाथकाका गेल्यापासून आपण फोनवर बोललो की मी फोन आपटते. कागद आपटता येत नाही, म्हणून हे. शिवाय काका जन्मभर आपल्याला मराठीत पत्रं लिहीत आले. ती रीत कोणीतरी राखायला हवी.

वकिलांनी मलाही कळवलं. काकांची पुस्तकं आणि दगडांच्या पेट्या मला, घर विद्यापीठाला आणि ती विंचेस्टर बंदूक तुला. अभिनंदन. हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला आहे.

एकदा लिहून मोकळी होते. वायोमिंगला, लॅरमीत एमएस करताना मी काकांकडे राहिले. ते दगड गोळा करायला डोंगरात निघाले की अस्वलांच्या भीतीनं ती बंदूक बरोबर असे. कधी कुठल्या जनावरावर चालवली नाही. त्यांच्या पहिल्या घरमालकीणबाईंनी नवऱ्याच्या पश्चात ती त्यांना दिली होती, आणि दुसऱ्याची वस्तू म्हणून काका तिला फार जपत. परत आलो की स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं धोतर पसरून ते ती पुसायचे आणि मी शेजारी बसायची. मागच्या हिवाळ्यात मी भेटायला गेले तर त्यांचे हात थरथरत होते, तेव्हा ते खुर्चीतून सांगत गेले आणि मी पुसली. तू दोन उन्हाळे आलास, तेही पाहुणा म्हणून. आणि बंदूक तुला. मुलगा म्हणून का? काका तसे नव्हते, असं मी आजवर लोकांना छातीठोकपणे सांगत आले.

घरी संजीव म्हणतो, लोखंडाच्या तुकड्यापायी भावाशी वाकडं घेऊ नकोस. त्याला भाऊ नाही, त्याला काय कळणार.

नेत्राला विचारलंय म्हणून सांग. माझा लोभ सध्या रुसलाय, पण घर सोडून गेलेला नाही.

तुझी,
ताई


सनीव्हेल, १८ जुलै २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून नेत्रा म्हणाली की ताई रागावल्या आहेत का. मी म्हटलं, नाही, ती असंच लिहिते. खरं काय ते तू सांग.

मला का दिली ते मलाही माहीत नाही. मी मागितली नव्हती. बंदूक सांता क्लाराच्या एका लायसनवाल्या दुकानात आली. तिथे सगळे कागद पुरे करून, ठरलेले दिवस थांबून मग हातात दिली. आता ती तिच्या चामड्याच्या म्यानात, कुलपाच्या कपाटात आहे. नेत्रा पहिले दोन दिवस त्या खोलीत जाईना. आता कपडे घडी करताना तिच्याशी गप्पा मारते.

गेल्या शनिवारी ऑफिसची मंडळी खास बघायला आली होती. अमित तर वेडाच झाला. त्यानं खालचा लिव्हर पुन्हा पुन्हा ओढून तो आवाज ऐकला आणि म्हणाला की असलं मशीन आता कोणी बनवत नाही. नेत्रानं सगळ्यांना पोहे केले. मी काकांची गोष्ट सांगितली. ते मला टेकडीवर घेऊन गेले होते, लाकडावर रिकामा डबा ठेवला होता, माझा नेम पार हुकला आणि काका हसले नाहीत, एवढीच माझ्याकडे आहे. ती मी जरा लांबवून सांगितली.

ही साफ कशी करायची ते कळव. नेटवर वाचलं तर दहा जण दहा गोष्टी सांगतात. तुला माहीत आहे, तुलाच विचारतो.

लोभ घरात आहे ना, मग त्याला जेवायला घाल.

तुझा,
ऋषी


पिस्कॅटवे, ७ ऑगस्ट २००४

चि. ऋषीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी ती म्यानातून बाहेर काढ. हे पत्र खाली ठेव, काढून ये आणि मग पुढचं वाच. चामडं ओल धरतं आणि लोखंडाला गंज चढतो. म्यान फक्त प्रवासापुरतं. कपाटात ती उघडी, उभी राहू दे.

हातात घेतलीस की पहिल्यांदा लिव्हर खाली ओढून आत बघ, बोट घालून चाचप. ती रिकामी आहे हे माहीत असलं तरी दर वेळी. काका तसंच करायचे. तिची नळी मागून साफ करता येत नाही, गज पुढच्या तोंडातून घालावा लागतो. तेव्हा गज त्या तोंडाच्या कडेला घासू देऊ नकोस. कड झिजली की नेम गेला. आत तेलाचा बोळा, मग कोरडा बोळा. बाहेरून तेलाचा नुसता हात. लाकडी दस्त्याला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे चार थेंब, तेही तळहातानं जिरवायचे. आणि पुसून झाल्यावर उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावायचा नाही. घामातलं मीठ ते खातं.

म्हणजे त्या अमितच्या बोटांचे ठसे आता तिच्यावर असणार. त्याच दिवशी पुसायला हवे होते. मी इथे बसून ते ठसे मोजतेय असं समज. तू पाहुण्यांना काकांची गोष्ट सांगितलीस, पोहे झाले, वाहवा झाली. माझ्याकडे अशा गोष्टी पोतंभर आहेत आणि दाखवायला काय, तर दगड. परवा इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत मी एक दगड नेऊन दाखवला. नीलांबरीनं तो हातात घेतला आणि छान आहे म्हणून त्यावर कागदी बशा ठेवल्या, उडू नयेत म्हणून.

हेवा वाटतो, ऋषी. लिहायला लाज वाटते, पण वाटतो.

पुसून झाली की कळव. माझ्या लोभाला तुझी बंदूक सोडून बाकी सगळं चालतं.

ताई


सनीव्हेल, २ नोव्हेंबर २००४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक गोष्ट बिघडली आहे, तेव्हा सरळ लिहितो. खंडेनवमीला नेत्रानं बंदुकीची पूजा केली. तिच्या माहेरी नागपूरला आजोबांच्या तलवारीची करायचे, म्हणून तिनं हौसेनं चौरंग मांडला, झेंडू वाहिले आणि लिव्हरच्या वरच्या पत्र्यावर ओलं हळदकुंकू लावलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी क्लायंटकडे गेलो तो चार दिवसांनी आलो. फुलं काढली तर खाली गंजाचे दोन डाग. कापडानं निघत नाहीत.

मी ती दुकानात दाखवली. तिथला माणूस म्हणाला की नुसते डाग कशाला काढता, सगळंच जुनाट दिसतंय, जागोजागी रंग उडालाय. आम्ही पूर्ण पॉलिश करतो आणि वरून नवा निळा-काळा मुलामा देतो, शोरूममधून आणल्यासारखी दिसेल. मला पटलं. काकांची आठवण आहे, तर ती चांगली दिसू दे. तरी तुला विचारल्याशिवाय देत नाही.

नेत्रा फार रडली. तिला बोलू नकोस, हवं तर मला बोल.

या डागाचा गंज आपल्या लोभाला लागू देऊ नये, एवढंच मागणं.

ऋषी


पिस्कॅटवे, ९ नोव्हेंबर २००४

चि. ऋषीस,
आशीर्वाद.

दुकानात देऊ नकोस. पॉलिश करू नकोस. जिथे रंग उडालाय तिथे काकांचा हात असायचा. डोंगर चढताना ते ती मधोमध, तोल साधून धरायचे. तो माणूस नेमकं तेच घासून काढणार आहे.

खंडेनवमी काकाही करायचे. अक्षता बाजूला ठेवायचे आणि गंधाचं बोट टेबलाला लावायचे, लोखंडाला नाही. हे मला माहीत आहे कारण मी तिथे होते. नेत्रा कुठून तरी येते, चौरंग मांडते आणि चार दिवसांत ते करते जे वायोमिंगच्या बर्फानं इतक्या वर्षांत केलं नाही.

तुम्हां दोघांना ती झेपत नाही. ती मला दे. इकडे पाठवायचे जे काय कागद लागतील ते मी बघते. तुझ्याकडे ती कपाटातली वस्तू आहे, माझ्याकडे ती नांदेल. मी हे रागात लिहितेय असं तुला वाटेल. रात्र गेली, सकाळी वाचलं, तरी एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

लोभाचं काय ते तुझ्या उत्तरावर.

अहिल्या


सनीव्हेल, २८ नोव्हेंबर २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात दोन वाक्यं होती. पॉलिश करू नको, आणि मला दे. दुसरं वाचल्यावर पहिल्यावर विश्वास कसा ठेवायचा ते कळेना. वाटलं, माझ्याकडे असताना ती चांगली दिसू नये, म्हणूनच हे असेल. नेत्राबद्दलचं तू लिहिलंस ते मी तिला वाचून दाखवलं नाही. तिनं स्वतः वाचलं.

म्हणून तुझंही ऐकलं नाही आणि दुकानदाराचंही नाही. गिलरॉयला मिसेस हॉलोवे म्हणून जुन्या बंदुकांची पारख करणाऱ्या एक बाई आहेत. ऑक्शनवाले त्यांचा शब्द मानतात. त्यांच्याकडे ड्राइव्ह करून गेलो. त्यांनी हातमोजे घालून तासभर पाहिली. म्हणाल्या की पॉलिश केलंत तर हिच्यासारख्या शंभर मिळतील. मूळचा रंग आणि हाताची झीज हीच हिची खरी किंमत आहे. डाग वरवरचे आहेत. तेल लावून, मऊ तारेच्या बोळ्यानं, हलक्या हातानं त्यांनी माझ्यासमोर एक काढला आणि दुसरा मला काढायला लावला. तेव्हा तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला वेळ लागला.

मग त्यांनी ती खांद्याला लावली आणि थांबल्या. दस्ता मागून कापलेला आहे, म्हणाल्या, चांगली दोन बोटं. कापणाऱ्यानं सफाईनं कापून मागची लोखंडी पट्टी पुन्हा बसवली आहे, पण मूळ माप गेल्यामुळे कलेक्टर हिला आता पहिल्या रांगेत बसवणार नाही. हे कोणा लहान चणीच्या माणसासाठी केलंय, असं त्या म्हणाल्या.

ताई, अमेरिकेत मी तुझ्याआधी आलो. पहिल्या उन्हाळ्यात काकांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा ती मला नीट बसली होती. दुसऱ्यांदा आलो तेव्हा तू त्यांच्याकडे राहत होतीस, आणि बंदूक काही केल्या डोळ्याशी येईना. मला वाटलं माझीच सवय मोडली. त्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं जेवताना कुठल्याशा खडकावरून हसायचात आणि मला विनोद कळायचा नाही. मी तिसऱ्यांदा आलो नाही, त्याचं कारण नोकरी नव्हतं.

गिलरॉयहून परतल्यावर वकिलांना फोन केला आणि विचारलं की काकांनी मला का दिली. ते म्हणाले, हेच आम्हीही त्यांना विचारलं होतं. काका म्हणाले होते की मुलगी माझ्याजवळ राहिली, मुलगा लांब राहिला, आणि लांबच्या माणसाला काही वस्तू लागते.

म्हणून मी ती तुला देणार नाही. रागानं म्हणत नाही. काका तुला मिळाले. मला जे मिळालं तेसुद्धा तुझ्या मापानं कापलेलं निघालं, तरी ते माझं आहे. बाईंच्या ओळखीचा एक सुतार अक्रोडाचाच जोड देऊन दस्ता लांब करू शकतो. किंमत आता त्यानं फारशी हलणार नाही, म्हणाल्या. करावं की नाही, ते तुला विचारतो, कारण त्यात तुझं माप आहे.

लोभ दोघांकडूनही थोडा खर्च झालाय. उरलेला जपून वापरू.

ऋषी


पिस्कॅटवे, ११ डिसेंबर २००४

चि. ऋषीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र लॅबच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि कामावर उशिरा गेले.

नेत्राला वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात काय आहे ते तुला सांगणार नाही. ती दाखवेल तर वाच.

दस्त्याचं मला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी ती खांद्याला अशी बसली की मला वाटलं, माझ्यात उपजत काहीतरी आहे. मंडळात मी हे लोकांना सांगितलंय, ऋषी, एकदा नव्हे. ज्या लाकडाला काका कोणाला नख लावू देत नसत ते त्यांनी करवतीखाली धरलं आणि मला अवाक्षर बोलले नाहीत. हे कळल्यावर मी फार सुखावले. आणि लगेच वाटलं की अशी ती, आणि ती तुझ्या कपाटात. मत्सर काही एका पत्रानं जात नाही. तो आहे, आणि मार्चमध्ये मी कॉन्फरन्सला सॅन होजेला येतेय तेव्हा बरोबर येईल. दोघांचं जेवण कर.

तू जेवताना एकटा पडत होतास हे मला दिसलं होतं की नाही, ते आठवत बसले. दिसलं असावं. तेव्हा ते मला आवडलंही असावं. याहून जास्त लिहवत नाही.

जोड लावून घे. अक्रोडाचा, चांगला, तुझ्या खांद्याला नीट बसेल असा. काकांनी ज्याला दिली त्याच्या मापाची ती असली पाहिजे. मग मी आले की ती मला मोठी होईल आणि डोळ्याशी येणार नाही. ते मला सोसायला शिकलं पाहिजे, आणि ते तुझ्या घरीच शिकता येईल.

तू पुसायला बसलास की मी समोर बसेन. चुकलास तरी हात पुढे करणार नाही. फार चुकलास तर नेत्राला सांगेन, ती तुला सांगेल.

लोभाची काळजी करू नकोस. हेवा वाटतो तो आपल्याच माणसाचा.

तुझी,
ताई