आर्गिरोच्या कॉलला चिमूटभर नेट

मंगळवार, १८ फेब्रुवारी
पुन्हा तेच! आर्गिरो फोनवर आली आणि तोंडाच्या जागी नुसता राखाडी लगदा. लेक जर्मनीत, नाताळालाही आली नाही, आणि मला तिचं नाक कुठलं नि डोळे कुठले तेही कळू नये! "बरी आहेस ना?" – "बरी आहे गं आई, तुमच्याकडचं नेटच खराब." शेजारी पान्तेलिस त्याच नेटवर फुटबॉल बघत पसरलेला. नवरा आहे की ओंडका!

बुधवार, १९ फेब्रुवारी
लेफ्तेरिसला झापलं. "एवढा प्रोग्रामर झालास, घरबसल्या अथेन्सवाल्यांची कामं करतोस, आणि आईला बहिणीचं तोंड दाखवता येईना?" म्हणे, प्रोग्राम लिहितो – कुठल्या ॲपनं किती नेट ओढायचं ते तो ठरवेल. नळाला चावी बसवावी तसं. मग बसव की!

गुरुवार, २० फेब्रुवारी
मांस भाजायचा गुरुवार. गल्लीभर धूर. चावी बसली – पान्तेलिसच्या गोलकीपरच्या विटा झाल्या! "अगं, बॉल कुठंय?" हसून पोट दुखलं.
आणि आर्गिरो? लगदाच! वर फ्रोसो वन्सं नेहमीसारख्या माझ्या खांद्यावरून फोनात घुसलेल्या. "आमची पोर कशी सोन्यासारखी!" दिसत काही नाही, सोनं कसलं डोंबलाचं! ते निळे डोळे रोखायचे, कौतुक करायचं, आणि थू थू करायचं तेवढं विसरायचं. माझ्या लिंबाच्या झाडाचं असंच कौतुक केलं होतं – आठवड्यात वाळलं. मीच तीनदा थुंकले.

शनिवार, २२ फेब्रुवारी
तसंच. आजारी आहे का? नवऱ्यानं हात उगारलाय का? नको नको ते मनात येतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
पकडलं! त्याच फोनवर ऑक्टोपस शिजवायचा व्हिडिओ लावला – आरशासारखा लख्ख. लगेच आर्गिरोला लावलं – लगदा. म्हणजे नेट आहे, तिच्या कॉललाच नाही!
लेफ्तेरिसचे कान लाल. "प्रोग्राम नाताळापासून चालूय, आई. बाबांचा फुटबॉल तेवढा परवा घातला. तुझा कॉल ताईनंच आवळायला सांगितला."
"का?"
"तिलाच विचार."
"सोड ती चावी आधी, गाढवा!"
"उद्या. आत्या बाजारात गेली की."

बुधवार, २६ फेब्रुवारी
दिसली. गाल भरलेत. काही न बोलता उभी राहिली.
पोट! सातवा महिना!
"आई, आधीच्या दोन्ही वेळा आत्याला कळलं, आणि आठ दिवसांत..." पुढं बोलवेना तिला. मलाही. थू थू थू केलं, थुंकी फोनवर उडाली. दोघी हसलो, मग रडलो.

सोमवार, ३ मार्च
उपासाचा पहिला सोमवार, सगळे जेवायला. "लाव की गं आर्गिरोला!" – फ्रोसो वन्सं. लावला. लगदा. "मेलं हे नेट!" म्हणून मी अशी ओरडले की पान्तेलिसच्या हातातला पाव पडला.
सकाळीच लेफ्तेरिसला सांगून ठेवलं होतं – चावी आणखी आवळ.