मामाच्या जागी मामी

चांदवड, मंगळवार

सायलीच्या मामांना सायलीच्या मामीचा नमस्कार.

आधी ताजी बातमी. तुमच्या भाचीचं लग्न पुरतं लागलेलं आहे आणि पुन्हा लावायची गरज नाही. हे मी म्हणत नाही. काल शेजारच्या कुसाताईंच्या ओट्यावर चहा पिता पिता गुरुजींनी ते तुमच्या काकांना, केरूआबांना, तोंडावर सांगितलं. आबांचं म्हणणं मात्र अजून तेच आहे, की मी भाऊबंदांसमोर माफी मागावी. त्याबद्दल पुढे लिहिते. तुमची तब्येत कशी आहे? कुवेतचं ऊन सोसतंय ना? वेल्डिंगला बसताना कमरेखाली काहीतरी घेत जा. इकडे सगळे बरे आहेत. मी जरा जास्तच बरी आहे.

(फोन सोडून पत्र का, असं विचाराल. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, आणि उरलेलं सासूबाई शेजारी बसून बोलतात. तुमचे नियाजभाई सुट्टी संपवून उद्या कुवेतला परत निघताहेत. त्यांच्या बॅगेत काळ्या मसाल्याच्या डब्याखाली हे ठेवते आहे.)

तर लग्न. तुम्हाला त्यातलं फारसं दिसलं नाही, म्हणून सगळं सांगते. कंपनीने सुट्टी नाकारली तेव्हा नवरीच्या मागे कोण उभं राहणार, हा प्रश्न आबांनी बसल्या जागी सोडवला: मामा फोनवर उभा राहील. इकडचे निम्मे मामा आखातात असल्यामुळे लॉन्सवाल्याने त्यासाठी एक उंच स्टँडच करून ठेवला आहे. त्यावर तुम्हाला चढवलं. नुसता फोन आबांना बोडका वाटला, म्हणून त्यांनी त्याला फेटा बांधला. फेटा घसरला आणि वरात मांडवात येईपर्यंत तुम्ही गुलाबी कापड पाहत बसलात. ‘काहीच दिसत नाही’ असं म्हणत होतात, ते माईकवर सगळ्यांनी ऐकलं. नवरदेवाच्या आजीला वाटलं, मामाला मोतीबिंदू आहे. (तिने एका चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला आहे. तो सोबत जोडत नाही.)

‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे,’ असं गुरुजींनी पुकारलं आणि नेमका फोन कटला. आबांनी परत लावला, तर आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं त्यातल्या बाईने माईकवरून अख्ख्या मांडवाला सांगितलं. मांडव हसला. सायली हसली नाही.

“थांबा जरा, रेंज येतीय,” आबा म्हणाले.

“रेंज येईल, मुहूर्त जाईल,” गुरुजी म्हणाले.

चुलतमामा दोन. एक दुबईत, दुसरा तुमच्याच खोलीत राहतो. सायली वळून माझ्याकडे बघत म्हणाली, “मामी, तू ये ना.”

तुम्ही गेल्यावर ही मुलगी शिकायला आपल्याकडे राहिली. तिची फी, तिचा टायफॉइड, पाहायला आलेल्या लोकांना ‘अजून शिकायचंय’ म्हणून तिने परत पाठवलं तेव्हाची बोलणी, हे सगळं मामाच्या जागी मीच निस्तरलं. तेव्हा कुणी रेंज शोधली नाही. मी उठले. तिच्या मागे उभी राहून दंडाला धरलं. मंगलाष्टका संपेपर्यंत हात काढला नाही.

मग वरपक्षाकडून मामाचा मान आला. फेटेवाला सकाळपासून डोकीच बांधत होता. त्याने चेहरा न बघता माझंही बांधून टाकलं. आबा तापले. “बाईच्या डोक्याला मामाचा फेटा? लगीन हाय का तमाशा?” मी म्हणाले, “आबा, मघाशी फोनला बांधलात तेव्हा नाही विचारलंत.” एवढंच म्हणाले. माफी त्याचीच हवी आहे.

ती मी मागणार नाही. कांद्याच्या लिलावात तुमच्या जागी मी उभी राहते, ते चालतं. दुखण्याखुपण्याला, मयतीला मी धावते, तेही चालतं. मानाच्या जागी गेले की मात्र बाई होते. नियाजभाईंच्या खातूनबी त्यांची बॅग भरता भरता ऐकत होत्या. म्हणाल्या, “भाभी, मरद लोग उधर गये, तो इधर मरद का काम हमीच करते ना? फिर फेटा क्या फोन पहनेगा?”

बाकी ठीक. जेवणाची आबाळ करू नका.

तुमची,
छाया

ता. क. तुम्ही परवा आबांना फोन करून माझ्या वतीने माफी मागितलीत, हे मला माहीत आहे. (आबा फोन स्पीकरवर लावून पारावर बसतात.) एवढं लांबलचक लिहिलं ते त्यासाठीच. ती माफी परत घ्या. तशीच फोनवर, पारावर लोक असताना. शब्द सुचले नाहीत तर ‘तिथं छायानंच उभं राहायचं होतं’ एवढंच म्हणा आणि ठेवून द्या.

आणखी एक. रविवारी देवळ्याला भावकीतल्या चिमणाबाईंच्या नातीचं लग्न आहे. तिचा मामा कतारला. चिमणाबाईंनी काल निरोप धाडला, की आमच्या पोरीमागे छायाच हवी. मी हो म्हटलं आहे. आबा म्हणतात, ती उभी राहिली तर आम्ही पंगतीला बसणार नाही. चिमणाबाईंनी स्वयंपाक मात्र त्यांना धरूनच सांगितला आहे. माझ्या अंदाजाने आबा येतील, बोलतील आणि जेवतील. मी उभी असेन.