त्याचं असं आहे

४ मार्च

गाणं नेटवर टाकलं एकदाचं! रॅपरचं नाव — एमसी काज-बटण. ताई म्हणाली, "एवढ्या मोठ्या जगात हेच नाव सापडलं?" दुसरं काय ठेवणार? दिवसभर बाबांच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणंच करतो. 'बंडखोर' ठेवलं असतं, तर आईनेच हाक मारली असती — बंडखोरा, दूध उतू जातंय.

५ मार्च

ऐकणारे: मी, ताई, परत मी.

९ मार्च

गाणं सुसाट सुटलंय! माझी सगळी दुखणी ओतली होती त्यात — गळणारे केस, निघून चाललेलं लग्नाचं वय, माइक हातात आला की पोटात उठणारा गोळा. त्याला कुत्रंही विचारत नाही. लोकांना आवडलं ते पालुपद, आणि ते बाबांचं. बाबा प्रत्येक वाक्याआधी "त्याचं असं आहे" म्हणतात. मी फक्त उचललं, त्यांच्याच आवाजात —

त्याचं असं आहे, पँट झाली तोकडी,
कापड होतं सरळ, तुमची तंगडी वाकडी!

म्हणजे गाण्यात चांगलं तेवढं बापाचं. बाकी नुसतं अस्तर.

१२ मार्च

गिऱ्हाईकं हसतच दुकानात शिरतात. "काय मास्तर, कसं आहे त्याचं?" शेजारचा न्हावी दारातूनच अख्खं कडवं म्हणून गेला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाबाही हसले. जरासे.

१५ मार्च

मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं! हेच गाणं हवंय. आरशासमोर हात उडवायचा सराव केला. माशा हाकलतोय असं दिसतं.

१८ मार्च

बाबा दुकानात बोलेनासे झालेत. एका बाईंनी कोट कधी मिळेल विचारलं, तर कॅलेंडरवर बोट ठेवलं. रुसलेत, दुसरं काय! आईला म्हटलं, "गंमतच कळत नाही त्यांना." ती भाजी चिरत राहिली.

१९ मार्च

आज आई बोलली. "गंमत कळते रे त्यांना. बोलता येत नाही."

लहानपणी बाबांची जीभ अडायची. शाळेत पोरं नक्कल करायची. मग कधीतरी त्यांना सापडलं — आधी "त्याचं असं आहे" म्हटलं की पुढचा शब्द सुटतो. त्यावर जन्म काढला. आता ते म्हटलं की समोरचा हसतो, म्हणून म्हणत नाहीत.

इतकी वर्षं शेजारी बसून बटणं लावतोय आणि मला पत्ता नाही. शरम वाटते.

२० मार्च

गाणं काढून टाकलं. काय उपयोग, लोकांच्या तोंडी बसलंय. माफी मागायला गेलो, तर मला, एवढ्या शब्दप्रभूला, एक वाक्य जुळेना. बाबांनी मान हलवली आणि मशीन सुरू केलं.

२१ मार्च

दुकानात माझ्या मोबाइलवर कार्यक्रमवाल्यांचा फोन आला. माझे हात मशीनच्या तेलाचे, बाबांनीच उचलला. स्पीकर चालू होता. "कोण बोलतंय?"

"त्याचा... त्याचा ब... ब..."

तिकडचा खो-खो हसला. "वा! मस्त काढतोस रे म्हाताऱ्याचा आवाज. कार्यक्रमात अस्साच काढ."

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला.