एक स्टार कापणारे मास्तर

आदरणीय मामा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (म्हणजे पेन खाली ठेवून जोडले, मग पुन्हा उचललं). तुमचा खोकला थांबला का? मामींची शिलाई मशीन चालू झाली, की अजून खोक्यातच आहे? माझी तब्येत उत्तम. वजन वाढलंय असं पट्टा म्हणतो, पण पट्टाही उसना आहे. मागच्या पत्रात बोटीवर रंगकाम करतो असं लिहिलं होतं, ते सोडलं. बोट चांगली होती, पण हलायची.

नंतर एका फ्रेमवाल्याकडे लागलो. फोटोंना चौकटी करतो तो. मला काच कापायला ठेवलं होतं. तीन काचा वाकड्या गेल्यावर त्याने माझ्या हातातून हिरा काढून घेतला (काच कापायच्या हत्याराला हिरा म्हणतात, पहिल्या दिवशी मीही दचकलो होतो) आणि मोबाइल दिला. त्याचा एक जोडधंदा होता. काड्यापेट्यांवरची जुनी चित्रं, म्हणजे छाप, जमवणाऱ्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे. चांगली पिकल्या केसांची माणसं तिथे गोट्यांवरून भांडावं तशी भांडतात. मालकाकडे अस्सल छाप मोजून चार. त्यांच्या रंगीत प्रती काढायच्या, चहात बुडवायच्या, खिडकीत वाळवायच्या, की झाल्या साठ वर्षांच्या. (चहा मी करायचो. एकदा चुकून त्यातलाच प्यायलो.) शिवाय वेगवेगळ्या नावांनी गिऱ्हाईक बनून मालकाला पाच-पाच स्टार देणं आणि ‘माल अस्सल’ असं लिहिणं हे माझं खास काम.

मामा, मी आठ माणसं तयार केली. सात जणांनी पाच स्टार दिले, त्यांना काळं कुत्रं विचारेना. आठवे निवृत्त मास्तर. त्यांच्या वेळी अंगठा घसरला आणि चारच पडले. मग कारण द्यायला हवं, म्हणून लिहिलं की छाप ठीक आहे, पण पाकिटाला कुबट वास येतो. एवढ्यावर थांबावं की नाही? पण हात आवरेना. त्यांची गुडघेदुखी लिहिली, सून भाजीत मीठ विसरते तेही लिहिलं. ग्रुपने मास्तरांना डोक्यावर घेतलं. एक स्टार कापणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. महिन्याभरात कुणाचंही भांडण झालं की ‘मास्तरांना विचारा’ सुरू झालं. सातवीत दोनदा बसलेला मी, रोज निकाल द्यायला लागलो.

अशात एका सिस्टरचा मास्तरांना निरोप आला. दवाखान्यात नर्स आहे ती. तिचे वडील तरुणपणी काड्यापेट्यांच्या कारखान्यात छाप चिकटवायचे. कारखाना कधीच बंद पडला. वडिलांना हल्ली घरातल्यांची नावंही आठवत नाहीत, पण सायकलवर बसलेलं अस्वल आठवतं, कारण ते त्यांनी रोज चिकटवलं. मास्तरांच्या भरवशावर तिने आमच्याकडून तो अस्वलाचा छाप घेतला. वडिलांनी नाकाशी धरला आणि म्हणाले, ‘‘हा चहा आहे.’’ सिस्टर रागावली नव्हती. पैसे नकोत, पण खरा कुठे मिळेल, एवढंच विचारलं होतं. त्यांना तो आठवतोय तोवर हातात द्यायचाय, असं लिहिलं होतं.

दुपारी मला जेवण गेलं नाही (संध्याकाळी गेलं). खरा छाप माझ्यासमोरच्या खणात होता. शेवटी मास्तरांनीच ग्रुपवर निकाल दिला: फ्रेमवाल्याने नकली माल दिला आहे, अस्सल छाप उद्याच सिस्टरच्या घरी पोचवावा, नाहीतर मी माझे उरलेले चारही स्टार परत घेतो.

मालक माझ्यापासून दोन हातांवर बसून ते वाचत होता. आधी त्याचे कान लाल झाले.

‘‘हा म्हातारा कोण लागून गेला?’’ मग आठवलं. ‘‘अरे, मास्तर तर आपलाच आहे.’’

‘‘हो ना,’’ मी म्हटलं. ‘‘सांगा की ग्रुपवर.’’

त्याने तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. मग खण उघडून छाप माझ्या पुढ्यात आपटला आणि त्याच दमात मला कामावरूनही काढलं. मी तसाच सिस्टरच्या घरी गेलो, मास्तरांचा माणूस म्हणून. वडिलांनी छापाचा वास घेतला, तो उलटा केला, मागच्या वाळलेल्या डिंकावरून अंगठा फिरवला आणि लेकीला म्हणाले, ‘‘आमच्याकडचाच. कडेला डिंक कमी लावलाय, मुकादम ओरडेल.’’ मग जे हसत सुटले, की शेजारीण लाटणं घेऊन बघायला आली. सिस्टर रडत हसत होती. मी नुसताच हसत होतो, पण बराच वेळ.

सध्या फिरत्या सर्कशीचे तंबू शिवायला मदत करतो. मामींना नमस्कार, वहिनीला आणि दादाला आठवण.

तुम्ही सांगाल ते करणारा (आणि न सांगितलेलंही),
तुमचा भाचा

ता. क. ग्रुपच्या लोकांना मास्तरांना प्रत्यक्ष भेटायचंय. ग्रुपवर फोटो लावावाच लागतो, मामा. दादाच्या लग्नात तुम्ही चप्पल शोधत होतात, तेव्हाचा तुमचा फोटो फार करारी आलाय. तो लावला. पत्ताही तुमचाच दिलाय.

आणखी एक. येत्या रविवारी अकरा जण येतील, सिस्टर आणि तिचे वडील धरून. तुम्ही फक्त थोडं लंगडायचं, आणि कुणी काहीही दाखवलं तरी जरा नाक मुरडायचं. हे तुम्हाला जमतं. वहिनीला मात्र बाहेर धाडा, कारण मास्तरांची सून म्हणून सगळे तिला मिठाबद्दल चार शब्द सांगणार आहेत.

शेवटचं. पत्र रविवारनंतर पोचलं, तर ती अकरा माणसं कोण होती ते आता कळलं असेल. वहिनी काय म्हणाली ते कळवा. त्यावर मी कधी यायचं ते ठरवीन.