खिळ्यावरची माळ

४ डिसेंबर, घाटंजी

आलो एकदाचा! पन्नासएक वर्षांपूर्वी याच गावात माझी पहिली नोकरी. शाळेच्या पडवीत पोरं एका सुरात कविता म्हणायची तेव्हा पलीकडचा आठवडी बाजार थबकून ऐकायचा, असं आपलं मला वाटायचं. आता मैनाबाईंच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड मांडलंय. खिडकीतून कापसाच्या गाड्या दिसतात. टेबल आरशासमोर लावलं, म्हणजे लिहिताना सोबत होते.

यवतमाळचं घर सोडलं ते चहापायी. मला एचआयव्ही आहे हे कॉलनीत कळलं, आणि जिथे जावं तिथे माझ्यापुरता कागदी कप येऊ लागला. म्हणून इथे सामान उतरवण्याआधीच मैनाबाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मंग काय झालं गुरुजी, गोळ्या खाता ना टायमावर? आणि चहा दिला तो त्यांच्या गेलेल्या मालकाच्या पेल्यात. पेल्यावर नाव कोरलंय, डोंगरसिंग.

आरशावरच्या खिळ्याला एक माळ आहे. काळा दोरा, त्यात वाळक्या मुळांचे तुकडे. तीही डोंगरसिंगचीच. मानेला गाठी आल्या की अशी माळ बांधतात म्हणे. आजार उतरेल तशी ती लांबत जाते, छातीवरून पोटावर येते आणि शेवटी आपोआप पायाशी पडते. काढू का विचारलं, तर मैनाबाई म्हणाल्या, राहू द्या तिले. राहू दे. तीही माझ्यासारखीच भाडेकरू.

११ डिसेंबर

चार दिवसांपूर्वी दाढी करताना डाव्या कानाखाली चिंचोक्याएवढी गाठ लागली. दुखत नाही. इथल्या डॉक्टरांनी सुई घालून तपासायला दिली, धड काही निघालं नाही. तरी टीबीचीच असणार म्हणाले, एचआयव्ही असलेल्यांत बहुतेकदा तीच असते. गोळ्या सुरू झाल्या. असणार! बहुतेकदा! परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्याला मी बाकावर उभा करायचो.

संध्याकाळी गाठीवर बोटाने भुजंगप्रयाताचा ठेका धरला, तर ओळच जुळली:

तुझे नाव आधी मला सांग गाठी.

या वयातही वृत्त चुकत नाही! खूश होऊन आरशात पाहिलं, तर वरची माळ हलत होती. वारा असणार.

१९ जानेवारी

एक गोळी चुकवली नाही. तरी गाठ सुपारीएवढी झाली, खाली आणखी दोन आल्या. ताप येतो, घामाने अंथरूण भिजतं, सदरा अंगावर लोंबतो.

यवतमाळच्या एआरटी सेंटरवर, जिथून माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, शीला समुपदेशक आहे. माझी विद्यार्थिनी शोभेल अशी, पण दटावते मलाच. आज भडकली. म्हणाली, गुरुजी, टीबी आणि लिम्फोमा, म्हणजे या गाठींचा कॅन्सर, वरून सारखेच दिसतात. अख्खी गाठ काढून तपासल्याबिगर कोणाच्या बापाले सांगता येत नाही, आणि तुमी काहून चूप बसले? सर्जनची तारीख घेतली तेव्हाच तिने मला सोडलं.

घरी येऊन सांगितलं, तर मैनाबाईंनी खिळ्यावरच्या माळेकडे बोट केलं. डोंगरसिंगलाही टीबीच म्हटलं होतं. गाठ काढून कोणी पाहिलीच नाही. तो गेला तेव्हा माळ गळ्यातच होती, लोकांनी ती डोक्यावरून ओढून काढली. जी खाली उतरायची, ती वरून काढली. तिचं काम अर्धं राह्यलं गुरुजी, म्हणाल्या.

माळेत मुळं वाढली आहेत. चष्मा पुसून पाहिलं.

२ फेब्रुवारी

भर दुपारी माळ खुर्चीच्या पाठीवर. मैनाबाई शपथेवर सांगतात, हात लावला नाही. बाजाराच्या टोकाला नाल्यात टाकून आलो. जेवून हात पुसायला वळलो तर ती उशीवर. कोरडी ठाक. तिला म्हटलं, बाई, चुकीच्या वर्गात आलीस. माझी ओळ मोठ्याने म्हटली, पुन्हा म्हटली. पुन्हा म्हणताना मागून कोणीतरी ठेका दिला— मुळावर मूळ आपटावं तसा—

५ फेब्रुवारी

दुपारी डुलकी लागली. जागा झालो तर माळ गळ्यात. हनुवटीवरून निघत नाही. एकेका गाठीवर नेमकं एकेक मूळ—

मैनाबाई रडून राहिल्या. आता कापाकापी नका करू, थे माळ नेईल तुमाले, म्हणतात. मी म्हटलं, न्यायचं तर माझ्या आजाराचं नाव सांगून न्यावं. अंदाजाने मी जाणार नाही.

८ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. नर्सने हसत हसत दोरा कापला, कचऱ्यात टाकला. अख्खी गाठ बाटलीत गेली. तपासा म्हणावं आता!

घाटंजीला उतरलो. टाक्यांवर पट्टी. पट्टीवर माळ. दोऱ्याला कुठे सांधा नाही. अखंड. घट्ट—

१७ फेब्रुवारी

पोळी गिळवत नाही. श्वास तुटक. पण पेन हातात आहे— रिपोर्ट येईपर्यंत हलणार नाही. आवळ, किती आवळतेस ते—

२२ फेब्रुवारी

शीला स्वतः रिपोर्ट घेऊन आली. लिम्फोमा. म्हणाली, गुरुजी, आता लढता येईल. केमो आणि एआरटीच्या गोळ्या सोबत चालतात, उद्याच नागपूरला निघायचं. मैनाबाईंनी चहा केला. मला तोच कोरलेला पेला. हसू आवरेना. नाव मिळालं!

ती गेल्यावर आरशापुढे बसून माळेला रिपोर्ट वाचून दाखवला, हजेरी घ्यावी तसा, खड्या आवाजात. दोरा ढिला— छातीवर— पोटावर— उतरते आहे, खरंच— पायाशी पडली. जिंकलो.

खाली वाकलो उचलायला. माळ नाही.

आरशात माझ्यामागे एक मान. गाठींनी भरलेली. माळ त्याच्या हातात. बोलत नाही, नुसता ठेका देतो. माझ्याच ओळीचा. त्यालाही त्याच्या आजाराचं नाव पाहिजे—

डोंगरसिंगभाऊ, तुमची गाठ कोणी काढलीच नाही. मला ठाऊक नाही. आणि अंदाज मी सांगणार नाही, गळा धरलात तरी—

धरला—

लिहितोय तरी. तुम्हीही म्हणा माझ्याबरोबर. विचारा तुमच्या गाठीलाच— तुझे नाव आधी मला सां—